सारथ्याचा पेला

कुंभमेळा भरण्यासाठी गुरूला सिंह राशीत यावे लागते आणि त्याला बारा वर्षे लागतात; नाशिकला पाहुणे येण्यासाठी मात्र केवळ शनिवार यावा लागतो. पूर्वी हे पाहुणे सोपे होते. रामकुंडावर स्नान, काळारामाचे दर्शन, सीतागुंफेत वाकून आत शिरणे आणि तितकेच वाकून बाहेर येणे, आणि परतताना कोंडाजी चिवड्याची पाकिटे, एवढ्यात त्यांची यात्रा सुफळ संपूर्ण होत असे. यजमानाने रिक्षा ठरवून दिली की त्याचे कर्तव्य संपत असे आणि तो दुपारची झोप घ्यायला मोकळा होत असे.

या सुखाला ओहोटी लागली ती 1999 नंतर. त्या वर्षी राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाच्या परिसरात सुला ही वायनरी सुरू केली, 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रियेला उत्तेजन देणारे धोरण आणले, आणि दिंडोरीपासून इगतपुरीपर्यंत वायनऱ्या उभ्या राहिल्या. परिणामी पाहुण्यांच्या कार्यक्रमात सकाळी गोदावरी आणि दुपारी शिराज वाइन अशी सोय झाली. ज्या गृहस्थाने सकाळी डोळे मिटून अर्घ्य दिलेले असते, तोच चार वाजता डोळे मिटून काचेच्या पेल्यात नाक खुपसून बसलेला दिसतो, आणि दोन्ही वेळच्या चेहऱ्यावरील भक्तिभाव अगदी सारखा असतो. याला माझा मुळीच आक्षेप नाही. माझा आक्षेप फक्त गाडी कोण चालवणार या प्रश्नाच्या कायमस्वरूपी उत्तराला आहे.

वायनऱ्या गावाबाहेर, शेतांच्या मधोमध असतात. तेथे रिक्षा जाते, पण परत येण्याबाबत तिचे मत अनिश्चित असते. म्हणून यजमानाची गाडी लागते, आणि यजमानाची गाडी लागली की यजमान लागतो, तोही शुद्धीतला. रक्ताच्या शंभर मिलिलिटरमध्ये तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क सापडला, तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकते, हे मला तोंडपाठ आहे. कारण प्रत्येक पाहुणा ते मला नव्याने सांगतो आणि सांगताना आपला पेला पुढे करतो. ज्या शहराला लोक वाइनची राजधानी म्हणतात, तेथील एक नागरिक म्हणून मी प्रांजळपणे सांगू शकतो, की नाशिकच्या बहुतेक नामांकित वाइन मी ओळखतो, पण केवळ नाकाने.

गेल्या फेब्रुवारीतल्या शनिवारी तासगावचे मामा आले, सोबत मावशी आणि मावशीचा वीस वर्षांचा नातू. मामांची आठ एकर द्राक्षबाग आहे. मावशींचा शनिवारचा उपास होता. नातवाचा उपास नव्हता, पण कायद्याने त्याच्यावर लादलेला होता, कारण महाराष्ट्रात वाइनसाठी एकविसावे वर्ष पूर्ण व्हावे लागते. म्हणजे चौघांपैकी तिघांना प्यायचे नव्हते आणि चौथ्याला प्यावे की नाही याचा निर्णय पिकाची पाहणी केल्यावर घ्यायचा होता. अशी मंडळी वायनरीत का नेली, असे कोणी विचारील. नाशिकला येऊन वायनरी पाहिली नाही असे तासगावात सांगण्याची कोणाचीही तयारी नव्हती, हे त्याचे उत्तर.

सकाळ बरी गेली. मावशींना सायंतारावरचा साबुदाणा वडा मिळाला आणि तो पाहून त्यांची नाशिकविषयीची श्रद्धा दृढ झाली. आम्ही तिघे चुलीवरची मिसळ खाण्यास गेलो. सांगली-कोल्हापूरच्या मुलखातील माणसापुढे नाशिकची मिसळ ठेवणे हे धाडसाचे काम आहे. तिकडे कटाचा लाल रंग पाहूनच माणसाला घाम फुटतो; आमच्याकडे काळ्या मसाल्याचा रस्सा असतो, सोबत पापड आणि दही असते. मामांनी दह्याच्या वाटीकडे पाहिले आणि ‘हे कुणासाठी?’ असे विचारले. पुढे त्यांनी रस्सा दोनदा मागून घेतला, पण तो केवळ चव नीट तपासण्यासाठी, हे त्यांनी आवर्जून स्पष्ट केले. बुधा हलवायाच्या जिलेबीबद्दल मात्र त्यांनी कोणतीही शंका व्यक्त केली नाही; तोंड भरलेले असल्यामुळेही तसे झाले असेल.

वायनरीत आम्हांला बाग दाखवण्यासाठी एक तरुण मार्गदर्शक दिला गेला. त्याचे पाठांतर उत्तम होते. ही शिराज, ही मूळची फ्रान्समधील ऱ्होन नदीच्या खोऱ्यातली, असे त्याने सुरू केले आणि मामांनी त्याला पहिल्याच वेलीपाशी अडवले.

“खुंट डॉगरिजचाच ना?”

त्या मुलाच्या पाठांतरात ऱ्होनचे खोरे होते, वेलीचे कलम ज्यावर बांधतात तो खुंट नव्हता. तो हसला. मामा पानाची मागची बाजू पाहू लागले. भुरी नाही, डाऊनी नाही, म्हणजे रोग नाही, पण घडाला विरळणी केलेली नाही आणि मण्याला फुगवण नाही, तेव्हा जीए हे मणी फुगवणारे संजीवक दिलेले दिसत नाही, असा अहवाल त्यांनी मला हळू आवाजात दिला; बहुधा मालकाची अब्रू जाऊ नये म्हणून. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहानच हवा असतो, कारण रंग आणि तुरटपणा सालीतून येतो आणि लहान मण्यांत रसाच्या मानाने साल जास्त मिळते, असे मार्गदर्शकाने समजावले. मामांनी एक मणी तोंडात टाकला. जाड साल, आत बिया. थॉम्पसन आणि सोनाका या बिनबियांच्या द्राक्षांवर वाढलेल्या त्या जिभेने जे सोसले, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

“ब्रिक्स किती धरता?”

“चोवीसच्या आसपास, सर,” मुलगा म्हणाला. द्राक्षातील साखरेच्या मापाचा हा प्रश्न कळल्याचा आनंद त्याला लपवता आला नाही.

“चोवीसला आम्ही बेदाणा टाकतो,” मामा म्हणाले, आणि बागेचा विषय त्यांच्या दृष्टीने संपला.

मग आम्ही चाखण्याच्या दालनात गेलो. येथे माझ्या छळाला खरा प्रारंभ होतो. उंच टेबल, त्याहून उंच खुर्च्या, आणि प्रत्येकापुढे पेल्यांची रांग. मी गाडी चालवणार असल्याचे सांगताच मार्गदर्शकाने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले, आणि तरीही, आतिथ्य म्हणून, ‘सर, तुम्ही निदान वास घ्या,’ असे म्हणून माझ्याही पेल्यात तीस मिलिलिटर ओतले. ही पद्धत कोणी शोधून काढली मला ठाऊक नाही. उपास करणाऱ्यापुढे श्रीखंडाची वाटी ठेवून ‘नुसता रंग पाहा’ असे म्हणण्यास जे धैर्य लागते, ते त्याच्याकडे असावे.

पेला दांडीला धरावा, म्हणजे हाताची ऊब वाइनला लागत नाही. तो गोल फिरवावा, म्हणजे वास मोकळा होतो. मग नाक आत घालावे. मामांनी तो इतक्या जोराने फिरवला की थोडी सॉव्हिन्यॉं ब्लॉं माझ्या सदऱ्याला मिळाली. परतीच्या वाटेवर पोलिसांनी थांबवले, तर या वासाचा खुलासा काय करायचा, याच्या चिंतेत मी असताना मार्गदर्शकाने विचारले, “मॅडम, नाकाला काय जाणवतंय?”

मावशींनी उपासाचा प्रश्न आधीच निकालात काढला होता. द्राक्षे उपासाला चालतात, तेव्हा त्यांचा रस चालायला हरकत नव्हती, पण यीस्ट साखरेचे मद्य करते असे कळल्यावर ‘म्हणजे आंबवलेलं’ असे म्हणून त्यांनी पेल्यावर काट मारली. 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्याचा निर्णय झाला, तेव्हा वाइन म्हणजे दारू की नव्हे यावर अवघे राज्य भांडले. मावशींनी तो वाद इडलीच्या पंक्तीला बसवून मिटवला. वास घ्यायला मात्र उपास आड येत नव्हता. त्यांनी एकदाच हुंगले.

“पिकलेला पेरू. आणि हिरवी मिरची, देठासकट.”

मार्गदर्शक स्तब्ध झाला. त्याच्या हातातील कार्डावर नेमके पेरू आणि हिरवी मिरची हेच छापलेले होते. मी कितीतरी पाहुण्यांबरोबर त्या पेल्यात नाक घालून ‘फुलांसारखे काहीतरी’ यापलीकडे गेलो नव्हतो, आणि या बाईंनी देठ ओळखला. पुढच्या शिराजमध्ये त्यांना काळी मिरी सापडली. तीही कार्डावर होती. त्या घरी आमटी न चाखता वासावरून मीठ सांगतात हे मला माहीत होते. त्या गुणाचे या दालनात एवढे मोल असेल याची कल्पना नव्हती. नाकाने वाइन पिणारा म्हणून माझी जी काही प्रतिष्ठा होती, ती तेथे संपली.

खरी पंचाईत त्यानंतर झाली. टेबलावर एक छोटी बादली होती. चाखून उरलेली वाइन तीत ओतायची असते, किंबहुना जाणकार मंडळी तोंडातलीही तीतच टाकतात. माझा, मावशींचा आणि नातवाच्या वाट्याचा नकार मिळून बरेच पेले भरलेले होते, आणि ते बादलीत रिकामे होणार असे दिसताच मामा अस्वस्थ झाले. द्राक्ष पिकवायला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी करावी लागते, अवकाळी पावसाच्या रात्री जागून काढाव्या लागतात, आणि ही माणसे ते बादलीत ओततात, हे त्यांना पाहवेना. शेतकऱ्याच्या कर्तव्यबुद्धीने त्यांनी एकेक पेला जवळ ओढला. प्रत्येकावर ‘आंबट’ असा एकच अभिप्राय देत त्यांनी सगळे संपवले. आंबटपणा हा वाइनचा प्राण आहे, त्यामुळेच ती ताजी लागते आणि टिकते, असे मार्गदर्शक सांगत राहिला. किंचित गोडसर शेनिन ब्लॉं तिखट पदार्थांबरोबर चांगली जमते हे ऐकताच मावशींनी पर्समधून बटाट्याचा उपासाचा चिवडा काढून मामांपुढे ठेवला. मागच्या भिंतीवर बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत अशी पाटी होती. नातवाने खुर्ची सरकवून पाटी झाकेल असे बसण्याची तत्परता दाखवली. द्राक्षाचा बिनमद्याचा रस पीत बसलेल्या त्या मुलाला दिवसभरात मिळालेले हे एकमेव काम होते.

निघताना मामांनी हिशोब केला. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्ष, किलोला शेतकऱ्याला मिळणारा दर अमुक, बाटलीची किंमत तमुक. मधल्या रकमेचे काय होते, हा प्रश्न त्यांनी गल्ल्यावरील मुलीला विचारला, आणि तिने बिलासोबत एका दिवसाचा पिण्याचा परवाना हवा का असे विचारले. पिणाऱ्याकडे परवाना हवा, हा 1949 च्या कायद्याचा नियम महाराष्ट्रात अजून आहे, आणि एक दिवसाचे शुल्क पाच रुपये आहे. दिवसभरात त्यांना रास्त वाटलेली ही एकमेव किंमत होती. त्यांनी बाटली माझ्यासाठी घेतली. “दिवसभर नुसता हुंगतोय, घरी गेल्यावर घे,” असे ते प्रेमाने म्हणाले, आणि गंगापूर रस्त्यावरच्या गर्दीतून गाडी काढताना मला प्रथमच पाहुण्यांविषयी खरा जिव्हाळा वाटला.

घरी पोचून मी गाडी लावली, फाटकाला कुलूप घातले, सदरा बदलला आणि बैठकीत आलो. बाटली उघडलेली होती. स्टीलचे पेले मांडले होते, बायकोही त्यांना सामील झाली होती, आणि मी हात पुढे करताच मामांनी बाटली जरा आपल्याकडे सरकवली.

“तू नको घेऊस आता. पहाटे पाचला त्र्यंबकेश्वराला निघायचं आहे, गाडी तुलाच चालवायची आहे,” ते म्हणाले, आणि माझा चेहरा पाहून त्यांनी समजूत घातली, “तसंही आंबट आहे रे. तुला नाही आवडायची.”