हार्वर्डचा ९०० शब्दांचा निबंध आता नाही

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या एमबीए प्रवेशासाठी ९०० शब्दांचा एकच निबंध लागतो, असा मेसेज नमुन्यासकट फिरतो आहे. ती माहिती जुनी आहे. २०२४ मध्ये प्रश्नच बदलले: करिअरची निवड आणि पुढची ध्येयं यावर ३०० शब्द, नेतृत्वावर २५०, कुतूहलावर २५०.

जुन्या नमुन्याचे तीन तुकडे करून पाठवू नका, अगदी कळकळीने सांगते. तिथे ‘आणखी काय सांगाल?’ एवढंच विचारलं जाई. आता कुतूहलाचं प्रत्यक्ष उदाहरण मागतात. ‘मला शिकायची आवड आहे’ यात शब्द घालवू नका. गोदामातला माल रोज कमी का भरतो, हे शोधायला तुम्ही रात्रपाळीला थांबला असाल, तर ती रात्र लिहा आणि तिने तुमच्यात काय बदललं तेही.