खुलासा : एनव्हीडीएची 'मुदत' संपत नाही

'एनव्हीडीएची मोफत मुदत संपली असून, आवाज बंद पडल्यास संगणक फॉरमॅट करून पैसे भरून नवी प्रत घ्यावी,' असा संदेश परभणी, जालना, लातूर भागातील दृष्टिहीन वापरकर्त्यांमध्ये फिरत आहे. तो चुकीचा आहे. मायकेल करन यांनी २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू केलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर बोलून वाचून दाखवणारा प्रोग्राम, मुक्तस्रोत आणि विनामूल्य असून त्याला कोणतीही मुदत नाही.

आवाज जाण्याचे नेहमीचे कारण फार किरकोळ असते. इन्सर्ट आणि एस ही बटणे चुकून एकत्र दाबली गेली की वाचन बंद होते किंवा शब्दांऐवजी नुसते 'बीप' ऐकू येतात. गेल्या महिन्यात परभणीच्या एका विद्यार्थिनीला दुकानदाराने फॉरमॅटच सुचवले होते; फोनवर मी तिला हीच जोडी थांबत थांबत, बोलणे परत येईपर्यंत दाबायला सांगितली आणि तिसऱ्या वेळी आवाज आला. तिच्या परीक्षेच्या नोट्स त्याच संगणकात होत्या आणि फॉरमॅटमध्ये त्या पुसल्या गेल्या असत्या, हे आठवले की आजही धस्स होते.

एवढ्याने भागले नाही, तर कंट्रोल, आल्ट आणि एन एकत्र दाबावे. इन्स्टॉल करताना डेस्कटॉप शॉर्टकट ठेवला असल्यास एनव्हीडीए पुन्हा सुरू होतो. स्पीकर, हेडफोनची पिन आणि विंडोजचा आवाजही आधी तपासावा. नवी प्रत एनव्हीडीए बनवणाऱ्या एनव्ही अ‍ॅक्सेस या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. तेथे देणगीची विनंती दिसते, परंतु ती ऐच्छिक आहे.