‘पांढऱ्या पेशी बीजाणूला लगेच मारतात’ या दाव्यात काय चुकतं

बुरशीबद्दलचा एक मजकूर बराच फिरतो आहे. त्यातली विधानं थोडक्यात अशी: बीजाणू (बुरशीची हवेतून पसरणारी सूक्ष्म बी) श्वासातून आत गेला की पांढऱ्या पेशी त्याला ओळखून गिळतात आणि विषय संपतो, शंका असेल तर वाफ घ्या, प्रतिकारशक्ती ‘वाढवा’, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा ठीक असेल तर निर्धास्त राहा. फुप्फुसाच्या संसर्गात वारंवार सापडणाऱ्या ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीला धरून ही विधानं तपासू.

“पेशी लगेच ओळखतात.” पहिली गफलत इथेच आहे. या बीजाणूचा व्यास जेमतेम २ ते ३ मायक्रॉन, म्हणजे नाक-घसा चुकवून थेट वायुकोशांपर्यंत पोचण्याजोगा. जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे भक्षकपेशी, बुरशी ओळखतात ती मुख्यतः तिच्या भिंतीतल्या बीटा-ग्लुकन या शर्करेवरून. त्यासाठी त्यांच्या पृष्ठभागावर डेक्टिन-१ नावाचा ग्राही (ओळख पटवणारं प्रथिन) असतो. सुप्त बीजाणूत मात्र हे ग्लुकन झाकलेलं असतं. सर्वांत वर ‘रोडए’ प्रथिनाच्या सूक्ष्म काड्यांचं आवरण, त्याखाली मेलॅनिन हे रंगद्रव्य. हे आवरण रसायनाने उतरवलं किंवा त्याचं जनुकच काढून टाकलं, तेव्हा एरवी दुर्लक्षित राहणारे बीजाणू प्रतिकारपेशींना चेतवू लागले, असं २००९ मध्ये प्रयोगांतून दिसलं.

हे आवरण किती पक्कं असतं ते प्रयोगशाळेत नुसत्या डोळ्यांनीही कळतं. बुरशी वाढलेल्या थाळीत साधं पाणी ओतलं तर हिरवट-करड्या थरावर त्याचे थेंब होऊन घरंगळतात, बीजाणू भिजतच नाहीत. ते गोळा करायला पाण्यात ०.०५ ते ०.१ टक्का ट्वीन-८० हे साबणासारखं द्रव्य मिसळावं लागतं. (भिंतीवरची बुरशी कोरड्या ब्रशने खरवडू नये, आधी साबणाच्या पाण्याने ओली करावी, ती याचसाठी.)

फुप्फुसात ओलावा आणि ३७ अंश तापमान मिळालं की साधारण ४ ते ६ तासांत बीजाणू फुगतो, आवरण फाटतं, ग्लुकन उघडं पडतं. पेशींचा खरा मारा तेव्हा सुरू होतो. तोवर उशीर झाला तर बीजाणूतून तंतू फुटतो आणि तो गॅलॅक्टोसॅमिनोगॅलॅक्टन या चिकट शर्करेचं नवं पांघरूण घेतो.

“गिळला म्हणजे मेला.” तसंही नाही. गिळलेला बीजाणू पेशीतल्या एका पिशवीत असतो. ती आम्लधर्मी होऊन पाचक विकरांच्या पिशवीला जोडली गेली, तरच तो पचतो. बीजाणूचं मेलॅनिन नेमकं हे आम्लीकरण अडवतं. फुप्फुसाच्या अस्तरपेशींबाबत तर २०२३ मध्ये आणखी चमत्कारिक गोष्ट पुढे आली. बीजाणूवरचं एचएससीए हे प्रथिन अस्तरपेशीच्या पी-११ प्रथिनाला चिकटतं. त्यामुळे पिशवी पचनाकडे न जाता पेशी ज्या वाटेने जुना माल परत बाहेर पाठवते त्या वाटेला लागते, आणि बीजाणू जिवंत बाहेर पडू शकतो. एचएससीए हे उष्णतेच्या ताणात कामी येणाऱ्या प्रथिनांच्या कुळातलं, म्हणजे बुरशीचं घरगुती वापरातलंच प्रथिन. तेच इथे किल्ली म्हणून चालतं.

“वाफेने बीजाणू मरतात.” ही बुरशी ५० अंशांतही वाढते. तिला मारील इतकी गरम वाफ वायुकोशांपर्यंत पोचली तर आधी श्वासनलिका भाजेल. बीजाणू आतच जाऊ नयेत यासाठी नीट बसणारा एन-९५ मास्क उपयोगी: तो ०.३ मायक्रॉनच्या कणांवर तपासलेला असतो, बीजाणू त्याच्या जवळपास दहापट. गळती होते ती कडांमधून.

“प्रतिकारशक्ती वाढवा.” कुठली? ॲलर्जिक ॲस्परजिलोसिसमध्ये, म्हणजे या बुरशीच्या ॲलर्जीतून होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारात, ती अतिरेकी असते, आयजीई हे ॲलर्जीतलं प्रतिपिंड चढलेलं असतं, आणि नुकसान त्या अतिरेकातूनच होतं.

राहिला पांढऱ्या पेशींचा आकडा. सगळ्यांत घातक विधान हेच. सलग १० दिवसांहून जास्त न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा मुख्य प्रकार) दर मायक्रोलिटर रक्तात ५०० च्या खाली असतील तर धोका मोठा, हे खरं. पण स्टेरॉइडवर आकडा उलट वाढलेला दिसतो आणि पेशींची मारण्याची ताकद घटलेली असते. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस या जन्मजात विकारात पेशी पुरेशा असतात, पण जंतू मारणारी रसायनं बनवणारं ऑक्सिडेझ विकर निकामी असल्याने त्या बुरशीपुढे हतबल ठरतात. तीव्र इन्फ्लुएन्झाने अस्तर खरवडलं गेलेल्या, आधी धडधाकट असलेल्या माणसालाही अतिदक्षता विभागात हा संसर्ग होतो. अशा रुग्णांत अँटिबायोटिकने ताप उतरत नसेल तर छातीचा सीटी स्कॅन आणि गॅलॅक्टोमॅनन (बुरशीच्या भिंतीतली शर्करा) चाचणी लांबवू नये. न्यूट्रोफिल कमी नसताना रक्तातलं गॅलॅक्टोमॅनन बऱ्याचदा निगेटिव्ह येतं; तिथे दुर्बिणीने फुप्फुस धुवून काढलेल्या द्रवातली तपासणी जास्त भरवशाची.