मदतगटातले 'सर' कसे व्हाल?

निवृत्तीला वेळ आहे, घरात मुलं ऐकत नाहीत, सोसायटीच्या सभेत कुणी माइक हातात देत नाही आणि तरीही आपल्याला बरंच काही कळतं हे चारचौघांना कळावं असं वाटतं? मग सॉफ्टवेअरच्या एखाद्या ऑनलाइन मदतगटात स्वयंसेवक म्हणून दाखल व्हा. मुलाखत नाही, अनुभवाचा दाखला नाही, एमएससीआयटीचं प्रमाणपत्रसुद्धा कुणी मागत नाही. पहिल्या दिवसापासून लोक तुम्हाला 'सर' म्हणायला लागतील. तुम्ही बाई असाल तरी 'सर'च म्हणतील. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, तो हुद्दा आहे.

पगार मात्र मिळणार नाही. सॉफ्टवेअर कंपनी विकणार, पैसे कंपनी घेणार, अडलेलं गिऱ्हाईक गटाकडे येणार आणि ताटावरून उठून उत्तर तुम्ही देणार, असा हा व्यवहार आहे. त्याच्या फार खोलात जाऊ नका, त्रास होतो. त्याऐवजी नावासमोर साठत जाणाऱ्या ताऱ्यांकडे आणि बिल्ल्यांकडे बघा. मायक्रोसॉफ्टने तर १९९३पासून अशा उत्साही मंडळींसाठी 'मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल' असा किताबच ठेवलाय. भाडेकरारासारखा तो दरवर्षी नव्याने करावा लागतो, एवढंच.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. समजा, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका बाईंनी रात्री साडेदहाला विचारलं, "सर, एक्सेलमध्ये मुलांचे आधार नंबर टाकतेय. एंटर मारलं की चार पूर्णांक काहीतरी, मग ई, मग अधिक ११ असं दिसतं. उद्या केंद्रप्रमुखांना यादी द्यायची आहे. प्लीज हेल्प." सोबत मोबाइलने काढलेला पडद्याचा फोटो. त्यात ट्यूबलाइट स्पष्ट, बाईंचं प्रतिबिंब अस्पष्ट आणि आकडे त्या दोहोंच्या मधे कुठेतरी.

सावध व्हा. या प्रश्नाला सरळ उत्तर आहे आणि सरळ उत्तराइतका धोका दुसऱ्या कशात नाही. जनरल फॉरमॅटमध्ये १२ आकडी संख्या एक्सेल आखडून दाखवतं, आत ती शाबूत असते. रकाना निवडायचा, फॉरमॅट सेल्समध्ये जाऊन 'नंबर' घ्यायचं, दशांश स्थळं शून्य करायची. झालं. पण हे लिहून बसलात तर बाई दहा मिनिटांत यादी संपवून झोपतील. तुमचं काय? रात्री साडेदहाला उघडलेला दरबार पावणेअकराला बंद?

म्हणून पहिलं उत्तर नेहमी प्रश्नच असावा. एक्सेल कुठल्या सालचं? विंडोज ३२ बिट की ६४? लायसन्स आहे का? शेवटचा प्रश्न खास ठेवणीतला आहे. शाळेतल्या संगणकावर कुणी काय टाकलंय हे बाईंना ठाऊक नसतं, त्या कावऱ्याबावऱ्या होतात आणि पुढची सगळी चर्चा तुमच्या ताब्यात येते. बाईंनी चुकून सगळी माहिती दिलीच, तर रॅम विचारा. रॅमही सांगितली तर समोरची व्यक्ती गटात टिकणारी नाही असं समजा.

त्यानंतर नियम दाखवा. "हा प्रश्न आधी येऊन गेलाय, शोधण्याची तसदी घेतली असतीत तर बरं झालं असतं." खाली जुन्या चर्चेचा दुवा द्या. त्या चर्चेतही कुणीतरी तुमच्यासारख्यानेच आणखी जुन्या चर्चेचा दुवा दिलेला असेल आणि त्या दुव्याचं पान केव्हाच उडालेलं असेल. बाईंनी 'अर्जंट' लिहिलं असेल तर तेही बोलून दाखवा. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर तर प्रश्नातला 'नमस्कार' आणि 'आभारी आहे'सुद्धा भरताड समजून खोडून टाकतात. आपल्याकडे अजून तेवढी प्रगती झालेली नाही, पण प्रयत्न चालू ठेवावेत.

एवढ्यानेही बाई गेल्या नाहीत, तर उपचार सुरू करा. सगळ्या रोगांवरचं एकच औषध म्हणजे आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडून 'एसएफसी स्कॅननाऊ' चालवायला सांगणं. विंडोजच्या स्वतःच्या फायली धड आहेत की नाहीत, एवढंच ही आज्ञा तपासते. एक्सेलच्या रकान्याशी तिचा काडीचा संबंध नाही आणि तेच तिचं बलस्थान. टक्के सावकाश चढत जातात, बाई जागच्या हलू शकत नाहीत, शेवटी 'काहीही दोष आढळला नाही' असा निकाल येतो आणि बाईच ओशाळून "सॉरी सर, काही सापडलं नाही" असं लिहितात. मग ऑफिस काढून पुन्हा टाकायला सांगा. त्यानेही भागलं नाही तर 'फॉरमॅट मारा' आहेच. केंद्रप्रमुखांची यादी त्यात गेली तर "बॅकअप नव्हता का?" हे वाक्य तयार ठेवा. त्याला उत्तर देऊ शकेल असा मराठी माणूस मी तरी पाहिलेला नाही.

अधूनमधून ज्ञानही पाजावं. एक्सेलच्या मते सन १९०० हे लीप वर्ष होतं, त्या साली २९ फेब्रुवारीही झाला. ही चूक लोटस १-२-३ या त्याआधीच्या प्रोग्रॅमची. त्याच्या फायलींशी जुळावं म्हणून ती तशीच उचलली आणि आजवर सांभाळली, हे बाईंना सांगा. एक्सेल 'मार्च१' आणि 'सप्टे१' या जनुकांच्या नावांच्या तारखा करून टाकत होतं. शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं वैतागले आणि अखेर २०२०मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने एक्सेलपुढे हात टेकून जनुकांचीच नावं बदलली, हेही सांगा. या माहितीचा यादीला उपयोग काय? काहीच नाही. उपयोगाची माहिती काय कुणीही देतो.

उपयोगाची एक गोष्ट त्या फोटोतच आहे. आधारच्या शेजारच्या रकान्यात शिष्यवृत्तीसाठी मुलांच्या बँक खात्यांचे क्रमांक आहेत. एक्सेल संख्येचे पहिले १५ आकडेच धरून ठेवतं. खातं १६ आकडी असेल तर शेवटचा आकडा निमूटपणे शून्य होतो आणि मग कुठलाही फॉरमॅट तो परत आणत नाही. खात्याच्या सुरुवातीला शून्यं असतील तर तीही गळतात. ते रकाने आधी 'टेक्स्ट' करून मग नंबर टाकायला हवे होते आणि आता पुन्हा टाइप करावे लागणार. नाहीतर कुणा पोराची शिष्यवृत्ती भलत्याच खात्याच्या दारात जाऊन परत यायची. पण त्यासाठी फोटो मोठा करून बघावा लागतो. सर फोटो बघत नसतात. सर 'स्क्रीनशॉट नीट टाका' म्हणतात.

याच सुमारास गटातले लिनक्सवाले जागे होतील. "विंडोज वापरता हीच मूळ समस्या आहे. ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस घ्या, मोफत आहे, मुक्त आहे." २०१०मध्ये ते ओपनऑफिसमधून कसं वेगळं झालं याचा इतिहास येईल आणि त्यातून दोन जाणकारांची जुंपेल. खात्यापुढची शून्यं लिब्रेऑफिसमध्येही गळतात हे दोघंही बोलणार नाहीत. तुम्ही मधे पडू नका. बाई वाचताहेत की नाही, हे बघायचंही कारण नाही.

मराठीचा प्रश्न आला तर मात्र चैनच. तालुक्याच्या ठिकाणचा एखादा डीटीपीवाला विचारतो की कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली तर 'महाराष्ट्र'च्या जागी रोमन ई, जी, के, जे, के दिसतं, काय करू? करायचं एवढंच की तोच फॉन्ट त्या संगणकावर टाकायचा किंवा रूपांतर करणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅममधून मजकूर काढायचा. कारण कृतिदेवमध्ये अक्षरं मुळात रोमनच असतात, फॉन्टने त्यांना देवनागरी कपडे घातलेले असतात. तुम्ही मात्र भाषेच्या अस्मितेपासून सुरुवात करा. "तुमच्यासारख्यांमुळेच मराठी मागे राहिली. सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरं देणारं युनिकोड १९९१ साली आलं, तुम्ही अजून कुठे आहात?" तो बिचारा पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये आहे. त्यात युनिकोड देवनागरी कधी आलीच नाही, त्याच्याकडे गावातल्या प्रत्येक लग्नपत्रिकेचा साचा त्यातच आहे आणि उद्या सकाळी दोन पत्रिका छापायला जायच्यात. असले तपशील विचारले की आवेश ओसरतो. विचारू नका.

हल्ली उत्तर सुचावंही लागत नाही. प्रश्न उचलून एआयला विचारायचा, आलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवायचा. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२मध्येच यावर बंदी घातली, कारण उत्तरं दिसायला चोख आणि चालवायला गेलं की भलतीच निघायची. आपल्या गटात ॲडमिनच तिथून आणतात, त्यामुळे तशी भीती नाही. फक्त "मला आनंद आहे की तुम्ही हा प्रश्न विचारला" हे पहिलं वाक्य काढायला विसरू नका. सरांना आनंद झालेला गटात कुणी पाहिलेला नसतो.

विचारणाऱ्यांचे नमुने तुम्हाला यथावकाश कळतीलच. 'हाय' एवढंच लिहून दोन दिवस गप्प बसणारे, खाजगीत येऊन "एनीडेस्कवरून माझ्या संगणकात बघता का जरा?" म्हणणारे, आणि सगळ्यांत छळवादी म्हणजे "झालं सर, थँक्यू" लिहून कसं झालं ते न सांगता निघून जाणारे. पुढे तोच प्रश्न पडलेल्या माणसाला तुम्ही हीच चर्चा वाचायला पाठवणार असल्यामुळे त्यांना फार बोलून चालत नाही.

शेवटी एका संकटाची पूर्वसूचना. तुमची चर्चा रंगात असताना कुणीतरी नवखं पोरगं मधेच टपकतं आणि एका ओळीत लिहितं, "मॅडम, नंबरच्या आधी एक अपॉस्ट्रॉफी (') द्या, मग खाते नंबरपण बिघडणार नाहीत." बाई करून बघतात, जमतं, त्या पोराला हात जोडलेल्या तीन चित्रांसह आशीर्वाद देतात. गांगरू नका. ताबडतोब लिहा, "हा जुगाड आहे, योग्य पद्धत नव्हे. अशाने पुढे बेरीज करताना अडचण येईल." पोरगं विचारेल, "सर, आधार नंबरांची बेरीज कोण करतं?" तेव्हा विषय भरकटल्याचं कारण देऊन चर्चा बंद करा.