गोळी बंद करू नका, आधी डॉक्टरांना फोन करा

फिटच्या गोळ्यांबद्दलचा एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. मलाच चार जणांनी पाठवला. त्याचा सारांश असा: या गोळ्यांनी मूल चिडकं, मारकुटं होतं, डॉक्टर हे सांगत नाहीत, वागणं बदललं की त्याच दिवशी गोळी थांबवा, आठ दिवसांत मूल पहिल्यासारखं होईल, झटका आलाच तर कांदा हुंगवा. पाठवणाऱ्यांत माझी नणंदही आहे. तिने मायेपोटीच पाठवला, हे मला ठाऊक आहे. पण माझा नऊ वर्षांचा मुलगा पाचव्या वर्षापासून या गोळ्या घेतोय, म्हणून गप्प बसवत नाही.

गोळ्यांनी वागणं बदलू शकतं, हे खरं आहे. लेव्हेटिरासेटाम ही फिटची गोळी सुरू केल्यावर बाराव्या दिवशी, पोळीची घडी मोडून वाढली एवढ्यावरून त्याने ताट भिरकावलं. वरण भिंतीवरून ओघळत होतं आणि हा माझ्या ओढणीत तोंड खुपसून विचारत होता, "आई, मला एवढा राग का येतो गं?" चिडचिड आणि आक्रमकपणा हे त्या औषधाचे माहीत असलेले दुष्परिणाम आहेत, माहितीपत्रकातही छापलेले असतात. सगळ्यांना होत नाहीत, पण मुलांमध्ये जास्त दिसतात. फेनोबार्बिटोन 1912 पासून वापरात आहे. ते खरं तर गुंगी आणणारं, पण काही मुलं त्याच्यावर उलट एका जागी ठरत नाहीत. टोपिरामेटने काहींना शब्द पटकन आठवत नाहीत आणि शाळेत त्यांच्यावर आळशीपणाचा शिक्का बसतो. म्हणूनच सगळ्या गोळ्यांना एकाच मापाने मोजू नका. एक सोसली नाही तरी दुसरी सोसू शकते.

पण प्रत्येक बदलाचं खापर गोळीवर फोडणंही चूक आहे. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, पहिला झटका नुकताच लक्षात आलेल्या 200हून अधिक मुलांच्या आईवडिलांना त्याआधीच्या सहा महिन्यांतल्या वागण्याबद्दल विचारलं होतं. या मुलांमध्ये वागण्याच्या तक्रारी त्यांच्या भावंडांपेक्षा जास्त निघाल्या, आणि तेही औषध सुरू होण्याआधी. ज्या मेंदूत फिट येते, राग आणि लक्षही तिथूनच सांभाळलं जातं. शिवाय तुटलेली झोप असते, वर्गात पडण्याची भीती असते. कधी तर "लक्षच देत नाही" म्हणतो तो काही सेकंदांचा छोटा झटकाच असतो.

"डॉक्टर सांगत नाहीत" यावर मी भांडणार नाही. मलाही सुरुवातीला कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर रांग होती, चिठ्ठी हातात दिली आणि पुढचा नंबर पुकारला. त्याचा राग आजही आहे. म्हणून नवं औषध लिहून दिलं की आता मीच विचारते: वागण्यात काय फरक पडू शकतो, आणि पडला तर फोन कुणाला करायचा?

सगळ्यात घातक आहे ते "त्याच दिवशी थांबवा". औषध एकदम तोडलं तर झटके उसळून येतात, कधी एकामागून एक, न थांबता. त्यात जीवही जाऊ शकतो. माझ्या मुलाचं औषध बदललं, पण कित्येक आठवडे घेऊन: नवं थोडं वाढवायचं, जुनं थोडं उतरवायचं. तोवर मी एका वहीत वेळा टिपत होते. गोळी किती वाजता दिली, राग किती वाजता आला, रात्री झोप किती झाली. डॉक्टरांनी वहीची पानं स्वतः उलटून पाहिली. व्हॅल्प्रोएटवर तो शांत झाला. भूक मात्र वाढली आणि वजनही, त्यावर आता लक्ष ठेवतोय. ही निवड त्याच्यापुरती आहे, तुमच्या मुलासाठी दुसरं औषध योग्य असेल. आणि मूल मरणाची भाषा बोलू लागलं, स्वतःला इजा करू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

कांद्याने झटका थांबत नाही. चपलेनेही नाही. मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर थेट दवाखाना. आम्हाला डॉक्टरांनी झटका थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलाम या औषधाचा स्प्रे लिहून दिलाय. तो दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असतो, आणि किती वेळा मारायचा ते बाईंना कळावं म्हणून बाटलीवर मी मार्करने लिहून ठेवलंय.