‘२१ दिवसांत आजारावर मात’ : या मेसेजला एकदाचं उत्तर

“मधुमेह असो, वजन असो, सिगारेट असो, २१ दिवसांत मात करा. विज्ञानाने सिद्ध!” असा एक लांबलचक मेसेज बरेच महिने फिरतोय. मी तो न वाचताच सोडून देत होते. पण तो मावशीकडे पोचला, तिने तो मनावर घेतला, आणि आता गप्प बसवत नाही. त्यात पाच दावे आहेत: मेंदूला कुठलीही सवय लागायला २१ दिवस लागतात, मध्ये एक दिवस चुकला तर मोजणी पुन्हा एकपासून, ज्याला जमत नाही त्याची इच्छाशक्तीच कमी, घरच्यांनी रुग्णाला सतत धाकात ठेवावं, आणि बाविसाव्या दिवसापासून गोळ्या बंद.

हा २१ आला कुठून? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक अमेरिकी प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला किमान २१ दिवस लागतात, असं निरीक्षण त्यांनी १९६० साली आपल्या पुस्तकात नोंदवलं. सांगोवांगी त्यातलं ‘किमान’ गळालं, चेहराही गळाला, आणि उरला मेंदूचा नियम. नव्या नाकाची सवय होण्यासाठी माणसाला काहीच करावं लागत नाही हो. रोज बूट घालून घराबाहेर पडावं लागतं ते चालण्यासाठी.

खरा राग आहे तो दुसऱ्या दाव्यावर. मावशीला डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. मेसेज आल्यापासून ती कॅलेंडरवर लाल पेनाने फुल्या मारत होती आणि छान चाललं होतं. मग ताप आला, दोन दिवस बुडाले, आणि बाईसाहेबांनी आधीच्या सगळ्या फुल्यांवर आडवी रेघ ओढली. “अगं, नियमच आहे तसा. गेलं सगळं वाया.” ताप उतरला, चालणं काही सुरू झालं नाही. पाय दुखत नव्हते, वेळ नव्हता असंही नाही. पुन्हा एकपासून सुरुवात करायची, या विचारानेच ती बसून राहिली.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच मोजलं; ते २०१० साली प्रसिद्ध झालं. ९६ जणांनी खाणं, पिणं किंवा व्यायाम यातली एकेक साधी गोष्ट निवडली आणि ती १२ आठवडे रोज एका ठरलेल्या प्रसंगाला जोडून करायचं ठरवलं. ती किती आपोआप होते, याची नोंद ते करत गेले. सवय पक्की व्हायला लागणाऱ्या दिवसांचा मधला आकडा निघाला ६६. पण कुणाचा १८, तर कुणाचा २५४. (हा २५४ हिशेबाने पुढे काढलेला, कारण अभ्यासच ८४ दिवसांचा होता. शिवाय भाग घेणारे बहुतेक विद्यार्थी होते. तेव्हा कृपा करून ‘६६ दिवसांत मात करा’ असा नवा मेसेज कुणी काढू नका.) मावशीने वाचायला हवं ते पुढे आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. आधी केलेलं पुसलं जात नाही.

आणि आजारी माणसाचे दिवस चुकणारच. म्हणजे हा नियम ज्यांच्यासाठी लिहिला, त्यांनाच तो पाळता येण्यासारखा नाही. व्यसनमुक्तीवर काम केलेले मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी हे फार पूर्वी मांडलं होतं: चुकून ओढलेल्या एका सिगारेटपेक्षा ‘आता सगळंच बिघडलं, मी असाच’ ही समजूत माणसाला जास्त मागे खेचते. मेसेज तीच समजूत विज्ञानाच्या नावावर खपवतोय.

“रोज एकाच वेळी करा” असंही एक वाक्य त्यात आहे. ते बरोबर आहे, मान्य. काम ठरलेल्या प्रसंगाला बांधलं की ते आठवावं लागत नाही.

इच्छाशक्तीचं पालुपद थोडक्यात आटपते. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ साली आले. एका गटाला खोटी गोळी आणि नेहमीचा सल्ला मिळाला. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाला स्वतंत्र मार्गदर्शक होता, आणि आहार-व्यायामाचे १६ पाठ समोर बसवून शिकवले गेले. या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण पहिल्यापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. गट सोडतीसारखे पाडले होते. म्हणजे इच्छाशक्तीची माणसं दोन्हीकडे सारखीच वाटली गेली होती. मग फरक कशाने पडला?

धाकाबद्दल मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करते. भीती कामाला येते. पण किम विट आणि माइक अ‍ॅलन या संशोधकांनी २००० साली भीती दाखवून सवयी बदलण्यावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा दिसलं की भीतीबरोबर ‘हे मला जमेल आणि याचा उपयोग होईल’ असा भरवसाही मिळाला, तर ती सर्वांत जास्त कामाला येते. नुसतं घाबरवलं की माणूस कान बंद करतो, विषय टाळतो, तपासणीलाच जात नाही. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांच्या १९९३ च्या अभ्यासात तर समुपदेशक जितका अंगावर गेला, तितकं समोरच्याचं दारू पिणं वर्षभरानंतर जास्त आढळलं. “पाय कापावा लागेल” असं जेवताना रोज ऐकवणाऱ्या घरच्यांनी हे जरूर वाचावं. त्यापेक्षा “तुला काय जमेलसं वाटतं?” विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

राहिल्या गोळ्या. तीन आठवड्यांनी साखर उतरलेली दिसली तर ती गोळी आणि चालणं दोन्ही चालू असल्यामुळे उतरलेली असते. एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. २१ दिवसांत तिच्यात पुरतं चित्रसुद्धा उमटत नाही. गोळी कमी होऊ शकते, काहींची बंदही होते, पण ते रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतात. ज्याने मेसेज लिहिला, त्याने मावशीचा रिपोर्ट पाहिलेला नाही.