चहा फुटला तरी हसत प्या

जळगावात राहून अजून म्हशीचं दूध पीत असाल तर तुमचं काही खरं नाही. आजच ओट या धान्याच्या दुधाचा खोका आणा. त्यावर 'दूध' शब्द शोधत बसू नका, अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वनस्पतीजन्य पेयांना तो लावायला मनाई केली आहे. 'ड्रिंक' म्हणायचं. भाव चौपट असला की शब्दाचं वाईट वाटत नाही.

चहा आलं घालून खळखळ उकळा आणि त्यात बदामाचं ड्रिंक ओता. लगेच फुटेल. वर पाणी, खाली भुसा. चहा कडक गरम आणि थोडा आंबट, त्यामुळे बदामातलं प्रथिन गोळा होतं. मिशीला लागलेला कण पुसा आणि 'नटी फ्लेवर' म्हणा. ओटचा चहा बिनसाखरेचा गोड लागला तर कौतुक करा. विकरांनी, म्हणजे एन्झाइमांनी, ओटच्या पिठूळपणाचीच साखर केलेली असते, हे पाहुण्यांना कशाला?

वाद झालाच तर गांधीजींना पुढे करा. त्यांनी १९१२ मध्ये दूध सोडलं होतं, आणि १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाला ते आपल्या फैजपूरला आलेही होते. मध्ये आजारपणात शेळीच्या दुधावर यावं लागलं, तेवढं गाळा.

आजीला मात्र कप देऊ नका. मी दिला. तिनं एक घोट घेतला, कपात वाकून बघितलं आणि विचारलं, "हाई दूध शे का पेज?" तिचं बरोबर आहे. तिच्या लग्नात पुरणाच्या मांड्यांवर साजूक तुपाऐवजी डालडा वाढला, तर व्याही जेवता जेवता उठले होते. १९३७ पासून बाजारात असलेलं ते वनस्पती तूप, म्हणजे तेलात हायड्रोजन घालून थिजवलेलं. झाडाचंच की! पण स्वस्त होतं, म्हणून चव वाईट. पुढे त्याच डालड्यातल्या करंज्या आम्ही दिवाळीभर खाल्ल्या, बोटं चाटून.

आणि हो, काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, शेंगदाणा तेलाचा तवंग आलेली शेवभाजी, यात दुधाचा थेंब नसतो हे कुठे बोलू नका. 'व्हीगन थाळी' म्हणून भाव दुप्पट होईल.

खोका रिकामा झाला की आजीकडे द्या. डालड्याच्या पिवळ्या डब्यात तिची तुळस आहेच. आमचा खोका तिनं विळीवर वरून कापला, तळाला भोकं पाडली. म्हणाली, "यामा कोथमीर लावसू."